कन्व्हेन्शन सेंटर आणि परिसरातलं पर्यटन: खोली-रात्रींचा हिशेब मांडू या

(ऑनलाइन मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ताळेबंद

नव्या कन्व्हेन्शन सेंटरच्या, म्हणजे परिषदा आणि प्रदर्शनं भरवण्याच्या केंद्राच्या, प्रस्तावात पहिल्याच पानावर 'दरवर्षी इतके लाख लोक येतील' असं लिहिलेलं असतं. पर्यटनासाठी या आकड्यातून फारसं काही कळत नाही. त्यात गावातच राहणारा, संध्याकाळी घरी जाणारा माणूसही असतो, आणि एकच माणूस तीन दिवस आला तर तो तीनदा मोजलेला असतो.

खरं माप एकच: बाहेरून आलेल्या माणसांनी एका रात्रीपुरती घेतलेली भाड्याची एक खोली, म्हणजे खोली-रात्र. रात्र मुक्काम पडला की त्यामागे जेवण, टॅक्सी, खरेदी, जमलंच तर एखादं स्थळदर्शन येतं. मुक्काम नसेल तर हातात येतं ते पार्किंगचं भाडं.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेत, कुठल्या ठिकाणचे नाहीत. तीन दिवसांची परिषद, नोंदणी २,०००.

स्थानिक ४० टक्के धरले तर बाहेरचे १,२००. त्यातले १० टक्के नातेवाइकांकडे उतरतात किंवा त्याच दिवशी परततात. उरले १,०८०. काही जण खोली वाटून घेतात, म्हणून खोलीमागे सरासरी १.२ माणसं. म्हणजे ९०० खोल्या. सरासरी मुक्काम अडीच रात्री. एकूण २,२५० खोली-रात्री.

अहवाल मात्र २,००० गुणिले ३ करून '६,००० अभ्यागत-दिवस' छापतो आणि प्रत्येक दिवसाला पर्यटकाचा पूर्ण खर्च लावतो. इथेच दुपटीहून जास्त फुगवटा झाला. पुढे त्याला गुणक (बाहेरचा पैसा प्रदेशात किती वेळा फिरतो तो आकडा) लावला जातो ते वेगळंच.

जाणकारांनी यात भर घालावी. केंद्र नको असं म्हणायचं नाही. बांधायचंच असेल तर कुठल्या आकड्यावर बांधावं, एवढंच ठरवायचं आहे.

रिकाम्या_खोल्या

हिशेब बरोबर, पण एक वजाबाकी राहिली: त्या खोल्या एरवी रिकाम्या होत्या का?

समजा शहरात ३,००० खोल्या आहेत. हंगामात त्या ८० टक्के भरतात, म्हणजे रात्रीला ६०० रिकाम्या. तुमच्या परिषदेला ९०० हव्यात. उरलेल्या ३०० खोल्या ज्यांना मिळाल्या असत्या ते नेहमीचे पर्यटक दुसरीकडे जातात. निव्वळ भर ६०० गुणिले अडीच, म्हणजे १,५०० खोली-रात्री. तीच परिषद मंदीच्या महिन्यात घ्या. तेव्हा खोल्या ५० टक्के भरतात, १,५०० रिकाम्या असतात. सगळ्या २,२५० रात्री नव्या.

म्हणून केंद्राचा खरा उपयोग मंदीत आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत. सहलीचे पर्यटक शनिवार-रविवार धरतात, परिषदा सोमवार ते गुरुवार. हे दोन साचे एकमेकांत बसले तर हॉटेलवाला वर्षभर माणसं कामावर ठेवू शकतो, हंगामापुरती घेऊन सोडावी लागत नाहीत. पर्यटनाच्या गावांत सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, आणि तो 'एकूण उलाढाल' या आकड्यात दिसतच नाही.

दुसरी वजाबाकी अशी की काही लोक एरवीही येणारच होते. कुणाची सहल ठरलेली होती, त्याने फक्त तारीख परिषदेशी जुळवून घेतली. कुणी दुसऱ्या कामासाठी आला होता आणि प्रदर्शनात डोकावून गेला. दोघांचाही खर्च केंद्राच्या खात्यावर टाकता येत नाही.

दालनमापे

आता इमारतीच्या बाजूने. 'पाच हजार क्षमतेचं सभागृह' हा शब्दप्रयोग ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: कुठल्या मांडणीत?

४,००० चौरस मीटरचं सपाट दालन घ्या. नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर माणशी साधारण १ चौ.मी., म्हणजे ४,००० माणसं. त्यातून व्यासपीठ आणि पडद्यामागची जागा वजा करा, १० ते १५ टक्के जातात. समोर टेबलं लावली तर माणशी १.८ चौ.मी., सुमारे २,२००. जेवणाची गोल टेबलं लावली तर १.५ चौ.मी., सुमारे २,६००. स्टॉल लावायचे तर निम्मी जागा रस्त्यांत आणि आपत्कालीन वाटांत जाते. उरलेल्या २,००० चौ.मी.मध्ये ३ बाय ३ मीटरचे साधारण २२० स्टॉल बसतात.

आणि परिषदेला हे सगळं एकाच दिवशी लागतं. सकाळी मुख्य सभा, त्याच वेळी शेजारी प्रदर्शन, दुपारी जेवण, मग एकाच वेळी चालणारी आठ-दहा सत्रं. एवढं मोठं दालन सभेवरून जेवणावर फिरवायचं म्हणजे हजारो खुर्च्या उचलायच्या, गोल टेबलं आणायची, कापड घालायचं, ध्वनिव्यवस्था हलवायची. सरावलेली टोळी असली तरी दोन-तीन तास जातात. जेवणाची सुट्टी असते एक तासाची. मग दालन आडव्या भिंतीने तोडून निम्म्यात सभा आणि निम्म्यात जेवण करावं लागतं, आणि 'चार हजारांचं' केंद्र प्रत्यक्षात सुमारे तेराशेंची परिषद पेलतं.

त्या सरकत्या भिंतींवर पैसे वाचवले तर पलीकडच्या सत्राचा माइक अलीकडे ऐकू येतो, आणि आयोजक पाहणीच्या वेळीच नकार देतो. सगळ्यात जास्त गळती भिंतीच्या वर, छत आणि रुळाच्या फटीतून होते. भिंत उत्तम घेतली आणि वरची पोकळी बंद केली नाही तर काही उपयोग नाही.

एकच अवाढव्य दालन बांधण्यापेक्षा मध्यम दालन, वेगळं भोजनगृह आणि १५-२० लहान खोल्या केल्या तर जास्त परिषदा मिळतात. उद्घाटनाच्या फोटोत मोठं दालन छान दिसतं, पण बुकिंग लहान खोल्यांच्या संख्येवर अडतं.

होतकरू_नियोजक

मग वर्षाला किती कार्यक्रम धरायचे? आमच्यासमोर आलेल्या मसुद्यात 'वर्षाचे ३०० दिवस वापर' असं लिहिलंय.

दालनमापे

३०० दिवस शक्य नाहीत. प्रदर्शन-दालनाच्या धंद्यात व्यवहार्य कमाल वापर ७० टक्क्यांच्या आसपास धरतात, आणि ५० ते ६० टक्के म्हणजे उत्तम चाललंय असं समजतात. बाकीचे दिवस सणासुदीला, दोन कार्यक्रमांमधल्या फटींना आणि देखभालीला जातात. सोमवारी एक कार्यक्रम संपला आणि दुसरा शुक्रवारी सुरू होणार, तर मधले तीन दिवस कुणाच्याच उपयोगाचे नसतात.

शिवाय कार्यक्रमाचे दिवस वेगळे आणि दालन अडलेले दिवस वेगळे. तीन दिवसांच्या प्रदर्शनाला उभारणीचे दोन आणि उतरवणीचा एक धरून सहा दिवस दालन जातं.

६० टक्के म्हणजे २१९ दिवस. भागिले ६, साधारण ३६ कार्यक्रम. एक दालन, एका वेळी एक कार्यक्रम, असं धरलं तर कमाल इतकीच. दालन तोडून दोन कार्यक्रम शेजारी-शेजारी चालवले तर संख्या वाढते, पण प्रत्येकाचा आकार तेवढाच घटतो.

ताळेबंद

हा आकडा पुढे नेऊ. ३६ कार्यक्रम, प्रत्येकी निव्वळ १,५०० खोली-रात्री, म्हणजे वर्षाला ५४,०००. शहरात ३,००० खोल्या असतील तर वर्षाच्या एकूण खोली-रात्री १०,९५,०००. सगळं नीट जुळून आलं, प्रत्येक कार्यक्रमाला माणसं बाहेरून आली, तरी शहरातल्या खोल्यांचा भरणा सुमारे ५ टक्के-अंकांनी वाढेल. ६० चा ६५.

पाच अंक ही चांगली वाढ आहे. हॉटेलचा पगार, वीज, व्याज हे खर्च खोली रिकामी असो वा भरलेली, बहुतेक तेवढेच राहतात, त्यामुळे वरच्या पाच अंकांतला बराच भाग थेट नफ्यात जातो. पण अहवाल 'पर्यटन दुप्पट' म्हणत असेल तर तिथेच पान थांबवून हा भागाकार करून बघावा. पाच मिनिटांचं काम आहे.

रिकाम्या_खोल्या

यात अजून एक भर. मोठ्या परिषदेच्या रात्री केंद्राजवळची हॉटेलं भरली की उरलेली मागणी लांबच्या लहान लॉजपर्यंत पोचते आणि सगळ्यांचे दर वर जातात. तो फायदा भरण्याच्या टक्केवारीत येत नाही, दरात येतो. ज्या हॉटेलात परिषदेचा एकही माणूस उतरला नाही, त्यालाही तो मिळतो.

मात्र आयोजक शहरातल्या एकूण खोल्या बघत नाही. तो बघतो केंद्रापासून पायी दहा मिनिटांत किती खोल्या आहेत आणि त्यातल्या किती हॉटेलवाले एकत्र राखून द्यायला तयार आहेत. ९०० खोल्या ३० लहान हॉटेलांत विखुरल्या असतील तर आयोजकाला ३० करार, बसचे दहा मार्ग आणि रोज सकाळी उशीर. तो दुसरं शहर घेतो. केंद्राला लागून चार-पाचशे खोल्यांचं एक हॉटेल असणं हे दालनाच्या क्षेत्रफळाइतकंच निर्णायक आहे. केंद्र शहराबाहेर स्वस्त जागेवर नेलं की नेमकं हेच हातचं जातं.

राखीव खोल्यांच्या करारात दोन कलमं भांडणाचं मूळ असतात. एक, किमान उचल: राखलेल्यांपैकी उदाहरणार्थ ८० टक्के खोल्या भरल्या नाहीत तर फरक आयोजकाने द्यायचा. दुसरं, सोडण्याची तारीख: कार्यक्रमाच्या तीन-चार आठवडे आधी न भरलेल्या खोल्या हॉटेलला परत. प्रतिनिधी मोबाइलवर स्वस्त दर बघून राखीव गटाबाहेर खोली घेतात. माणसं शहरातच असतात, पण कागदावर गट भरत नाही आणि आयोजकाला दंड बसतो. पुढच्या वेळी तो येत नाही. उपाय साधा आहे: कराराबाहेर त्याच हॉटेलात उतरलेले प्रतिनिधीही नोंदणी-यादीशी नावं जुळवून गटात धरायचे, असं कलम आधीच घालून घ्यावं.

जमाखर्च

केंद्राचा स्वतःचा ताळेबंद आणि परिसराचा फायदा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. केंद्र भाडं, जेवणाच्या कंत्राटातला वाटा, वीज-जोडणी आणि पार्किंग यांवर चालतं. बांधकामाचं कर्ज त्यातून फेडणं बहुतेक ठिकाणी जमत नाही, रोजचा खर्च निघाला तरी समाधान मानतात. दालनाचं भाडं मुद्दाम कमी ठेवतात, कारण कमाई हॉटेलांत व्हायची असते. मग ज्यांना कमाई होते त्यांच्याकडून वसुली हवी. लास वेगसमध्ये १९५९ साली सुरू झालेलं केंद्र खोलीभाड्यावरच्या करातून उभं राहिलं आणि वाढलं, ते याच तर्कावर. असा कर नसेल तर तोटा सगळ्या करदात्यांवर आणि नफा मोजक्या हॉटेलांना, अशी वाटणी होते. हे मला पटत नाही, आणि अहवालात ते स्पष्ट लिहिलेलं असावं.

देखभालीचा राखीव निधी पहिल्या वर्षापासून बाजूला काढावा. वातानुकूलनाची मोठी यंत्रं १५-२० वर्षांत बदलावी लागतात, गालिचे त्याच्या कितीतरी आधी. हा निधी नसेल तर दहाव्या वर्षी केंद्र जुनाट दिसायला लागतं, आणि तेव्हाच शेजारच्या शहरात नवं उघडतं.

स्पर्धेचंही बघा. अमेरिकेत १९९० ते २००३ या काळात प्रदर्शन-जागा ४ कोटी ४ लाख चौरस फुटांवरून ६ कोटी ९ लाखांवर गेली, म्हणजे निम्म्याने वाढली. येणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. परिणाम असा की केंद्रं दालन फुकट द्यायला लागली, वर आयोजकाला अनुदान. प्रत्येक शहराचा अहवाल स्वतःपुरता आशादायक होता, पण सगळ्यांनी तेच कार्यक्रम आपल्याकडे येणार असं धरलं होतं.

होतकरू_नियोजक

गुणकाबद्दल कुणी सांगेल का? मसुद्यात २.५ धरलाय.

ताळेबंद

लहान प्रदेशाला २.५ हा फार मोठा आकडा आहे. गुणक म्हणजे बाहेरून आलेला पैसा प्रदेशात किती वेळा फिरतो ते. जेवणाचा कच्चा माल बाहेरून येतो, हॉटेलचा मालक बाहेरचा, नोंदणीचं सॉफ्टवेअर बाहेरचं, मंडपवाला मोठ्या शहरातून आलेला. तर पहिल्याच फेरीत पैसा निघून गेला. प्रदेश जितका लहान तितकी गळती जास्त आणि गुणक १ च्या जवळ.

दोन चुका नेहमीच्या. एक, उलाढालीचा गुणक लावून आलेल्या आकड्याला 'उत्पन्न' म्हणणं. उलाढालीत एकच पैसा प्रत्येक विक्रीला पुन्हा मोजला जातो. लोकांच्या हातात पडतं ते वेतन आणि नफा, ते बरंच कमी असतं. दुसरी, स्थानिकांच्या खर्चाला गुणक लावणं. स्थानिक माणसाने प्रदर्शनात खर्च केला म्हणजे दुसऱ्या दुकानात तेवढा कमी केला. तिथे गुणक शून्य धरा.

गळती कमी करणं मात्र हातात असतं. जेवण, मंडप, सजावट, ध्वनी, छपाई, वाहनं यांसाठी नोंदणीकृत स्थानिक पुरवठादारांची यादी ठेवा आणि मोठं कंत्राट लहान तुकड्यांत फोडा. गुणक हलवण्याचा खरा मार्ग तोच आहे.

वाटाड्या

शीर्षकात 'परिसर' आहे आणि इथवर सगळी चर्चा शहरातल्या खोल्यांची झाली. परिषदेचा माणूस आपोआप परिसरात जात नाही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा सत्रं, रात्री भोजन, शेवटच्या दिवशी दुपारचं विमान. परिसर बघायला त्याच्याकडे अर्धा दिवसही नसतो. तो एक दिवस मिळवावा लागतो.

कार्यक्रमाचे वार महत्त्वाचे. परिषद मंगळवार ते गुरुवार ठेवली तर लोक शुक्रवारी कामावर हजर. बुधवार ते शुक्रवार ठेवली तर शनिवार-रविवार राहण्याचा विचार तरी होतो. हॉटेलला शनिवार आधीच भरलेला असतो, म्हणून त्यांना हे नको असतं. पण ती वाढीव रात्र शहरात न ठेवता परिसरातल्या ठिकाणी नेली तर दोघांचंही भागतं.

सहल विकायची वेळ नोंदणीची, कार्यक्रमाची नव्हे. केंद्राच्या दारात माहितीपत्रकं घेऊन बसलं तर परतीचं तिकीट काढलेला माणूस काय करणार? तिकिटाची तारीख ठरण्याआधी, नोंदणीच्या फॉर्मवरच 'आधी किंवा नंतर दोन दिवस' हा पर्याय असावा, ठरलेल्या दरासह आणि केंद्रातूनच निघणाऱ्या गाडीसह.

अंतरही बघा. एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या आत असेल तर ती एका दिवसाची सहल होते. त्यापलीकडे मुक्काम लागतो, आणि मुक्काम लागला की तिथल्या लहान गावाला खोली-रात्र मिळते. परिसराच्या दृष्टीने तीन-चार तासांवरचं ठिकाण जास्त मोलाचं, पण ते फक्त मुक्कामासह विकलं तरच.

बोलीवाला

उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणी मांडली नाही: वेळापत्रक. आंतरराष्ट्रीय संघटनांच्या परिषदांचं ठिकाण तीन ते पाच वर्षं आधी ठरतं. इमारत पूर्ण झाल्यावर विक्री सुरू केली तर पहिली तीन वर्षं स्थानिक समारंभ आणि परीक्षांवरच काढावी लागतात. विक्रीची माणसं पायाभरणीच्या वेळीच नेमलेली असावीत, आणि बांधकामाची तारीख घसरली तर आधी दिलेल्या तारखांचं काय करायचं याची तजवीज हवी. सिडनीत जुनं केंद्र २०१३ च्या शेवटी बंद झालं आणि नवं २०१६ च्या डिसेंबरात उघडलं; मधल्या काळासाठी त्यांनी तात्पुरतं प्रदर्शन-केंद्र उभारलं, म्हणजे ग्राहक तुटले नाहीत.

इक्का (ICCA), म्हणजे या क्षेत्रातली १९६३ पासूनची आंतरराष्ट्रीय संघटना, आपल्या गणनेत तीच परिषद धरते जिला किमान ५० माणसं येतात, जी नियमित भरते आणि किमान तीन देशांत फिरते. तिसरी अट नीट वाचा. फिरती परिषद एकदा आली की पुन्हा यायला बरीच वर्षं लागतात. म्हणजे दरवर्षी नवी बोली. याउलट प्रदर्शन एकाच जागी दरवर्षी भरू शकतं. मोबाइल क्षेत्रातलं मोठं वार्षिक संमेलन फ्रान्समधल्या कान शहरात मावेनासं झालं, २००६ मध्ये बार्सिलोनात आलं आणि तिथेच राहिलं. हिवाळ्याच्या अखेरीस, पर्यटक कमी असताना. एवढ्या एका वार्षिक कार्यक्रमावर शहराचा तो आठवडा उभा आहे. धोकाही तेवढाच: २०२० मध्ये ते ऐन वेळी रद्द झालं, आणि भरायला तयार ठेवलेल्या खोल्या एकदम रिकाम्या झाल्या.

बोली जिंकून देतो तो स्थानिक यजमान: त्या विषयाच्या संघटनेत वजन असलेला शहरातला प्राध्यापक, डॉक्टर, अभियंता. त्यांची यादी करणं आणि त्यांना अर्ज, अंदाजपत्रक, पाहणी-दौरा यांसाठी हाताशी माणूस देणं, हा केंद्राच्या खर्चातला सगळ्यात फायद्याचा भाग आहे. ज्या शहरात विद्यापीठ, मोठं रुग्णालय किंवा एखादा उद्योग रुजलेला आहे, तिथे परिषदा येतात. नुसत्या इमारतीकडे बघून कुणी येत नाही.

दालनमापे

सहमत. फक्त प्रदर्शनाबद्दल एक पुस्ती: तिथे प्रेक्षकांपेक्षा स्टॉलवाले जास्त रात्री राहतात. २०० स्टॉल, प्रत्येकी दोन बाहेरची माणसं एका खोलीत, उभारणी धरून पाच रात्री. झाल्या १,००० खोली-रात्री. हजारो प्रेक्षक मात्र संध्याकाळी घरी.

म्हणून मालवाहतुकीची दारं जपा. ४० ट्रक, प्रत्येकाला उतरवायला दीड तास. चार दारं असतील तर १५ तास, आठ असतील तर साडेसात. चार दारांमुळे उभारणीचा एक दिवस वाढतो, दालनाचा एक दिवस बुडतो आणि रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. नकाशावर दारं कापणं सगळ्यात सोपं वाटतं आणि नंतर वाढवणं जवळजवळ अशक्य असतं. मसुद्यात दारांची संख्या आणि ट्रक थांबण्याची जागा लिहिलेली नसेल तर आधी ती मागा.

होतकरू_नियोजक

सगळ्यांचे आभार. भागाकार करून बघितला, मसुद्यातला भरणा १९ अंकांनी वाढलेला निघतोय. परत पाठवतोय. शेवटचा प्रश्न: केंद्र सुरू झाल्यावर हे मोजायचं कसं?

ताळेबंद

सुरू होण्याआधीची किमान दोन वर्षं हॉटेलांचा महिनावार आणि वारवार भरणा गोळा करून ठेवा. नंतर तो मिळत नाही, आणि तो नसेल तर तुलना कशाशी करणार?

नोंदणीच्या फॉर्मवर पाच प्रश्न पुरतात: राहण्याचा पिनकोड, किती रात्री आणि कुठल्या भागात उतरणार, खोलीत किती जण, सोबत कोण आहे, आणि 'हा कार्यक्रम नसता तर या तीन महिन्यांत तुम्ही इथे आला असता का?' शेवटचा प्रश्न गाळू नका, वरच्या वजाबाक्या त्यावरच चालतात. खर्चाचा आकडा नोंदणीत विचारू नका, लोक अंदाजे लिहितात. तो परतल्यानंतर आठवडाभरात छोट्या नमुन्याकडून घ्या.

वाटाड्या

सहावा एक घाला: 'शहराबाहेर रात्र काढणार का, कुठे?' परिसराचा हिशेब त्याच उत्तरावर होईल.

ताळेबंद

घातला.